अशोक चौकाजवळचा बीजगणिताचा क्लास : आठवीतल्या मुलीच्या आईचा अनुभव

तुम्ही सोलापुरात पूर्व भागात राहत असाल आणि तुमच्या मुलाचं बीजगणित कच्चं असेल, तर डोळे झाकून इथे घाला. क्लासला पाटी नाही, नाव नाही, जाहिरात नाही. अशोक चौकातून आत गेलं की एका घराच्या माडीवर निवृत्त शिक्षक संध्याकाळी शिकवतात. खालच्या किराणा दुकानात ‘गणिताचे सर’ एवढंच विचारा, जिना दाखवतात. फी महिन्याला ६०० रुपये.

मी घरी शाळेच्या गणवेशांची शिलाई घेते. मुलगी आठवीत, सेमीला. सातवीपर्यंत तिचं गणित बरं होतं. मग आकड्यांच्या जोडीला अक्षरं आली आणि गाडी अडली. आधी तिला शहरातल्या एका मोठ्या क्लासला घातलं होतं. छापील नोट्स, दर महिन्याला परीक्षा, मोबाईलवर गुणांचा मेसेज, सगळं होतं. पण कंसाच्या आधी वजा आला की आतली चिन्हं का बदलतात, हे तिला तिथे कुणी सांगितलं नाही. ‘वजा वजा अधिक’ एवढं पाठ होतं, आणि ते ती नको तिथेही लावायची.

सरांनी पहिल्याच आठवड्यात तेच हातात घेतलं. फळ्यावर १००० − (३०० − ५०) लिहिलं. म्हणाले, “खिशात हजार रुपये आहेत. बिल तीनशेचं, त्यात पन्नासची सूट. तू आधी तीनशे देऊन टाकलेस. मग दुकानदार काय करेल?” पन्नास परत देईल. म्हणजे १००० − ३०० + ५०, उत्तर ७५०. त्यानंतर ५क्ष + ३ − (२क्ष − ४) दिलं. (वहीत इंग्रजी अक्षर असतं, मी माझ्या शाळेतल्या सवयीने क्ष लिहितेय.) निम्म्या पोरांनी ३क्ष − १ लिहिलं. सरांनी कुणालाच चूक म्हटलं नाही. क्षच्या जागी ३ टाका म्हणाले. मूळ राशीची किंमत १६ आली आणि पोरांच्या उत्तराची ८. आपलं उत्तर चुकलंय हे पोरांना स्वतःलाच दिसलं. मग त्यांनीच कंस पुन्हा सोडवला आणि ३क्ष + ७ आणलं. त्याची किंमत १६.

ही पडताळणी हाच या क्लासचा जीव आहे. प्रत्येक उदाहरणाखाली ती असलीच पाहिजे, नाहीतर वही तपासली जात नाही. त्यातही एक बारकावा आहे, जो मला फार आवडला. पडताळणीला १ आणि २ वापरायला बंदी. १ टाकला तर क्ष आणि क्षचा वर्ग यांची किंमत एकच येते, २ टाकला तर क्षचा वर्ग आणि २क्ष सारखे येतात, आणि चूक लपून राहते. म्हणून ३ किंवा ५. इतकं बारीक कोण सांगतं हो?

सजातीय पदांसाठी, म्हणजे एकाच अक्षराच्या पदांसाठी, रंगीत खडू असतात. ४क्ष + ३य − क्ष + ५य असेल तर क्षची पदं निळ्याने, यची पिवळ्याने. उत्तर ३क्ष + ८य, आणि तिथेच थांबायचं. पुढे जाऊन ११क्षय करायचा मोह पोरांना होतोच. क्ष ३ आणि य ५ घेतलं की एकीकडे ४९ आणि दुसरीकडे १६५ येतात, मग मोह सुटतो. रंगांवरून सरांनी भास्कराचार्यांचं सांगितलं. ११५० च्या सुमारास ते पहिल्या अज्ञात संख्येला यावत्तावत् म्हणत आणि पुढच्या अज्ञातांना रंगांची नावं देत : कालक, नीलक, पीतक. मुलगी घरी येऊन हे आजीला सांगत होती, आणि मी मशीन थांबवून ऐकत होते.

शाब्दिक उदाहरणं सर आपल्या गावची देतात. चादर टॉवेलपेक्षा ३०० रुपयांनी महाग, ३ चादरी आणि ४ टॉवेल मिळून १७४० रुपये, तर भाव काढा. मुलीने सुरुवातीला लिहिलं, ‘टॉवेल = य’. वही परत आली. टॉवेल म्हणजे य नाही, एका टॉवेलचा रुपयांतला भाव म्हणजे य. अक्षर वस्तूसाठी नसतं, संख्येसाठी असतं. हे वाक्य नीट लिहिलं की पुढचं समीकरण आपोआप उभं राहतं : ३(य + ३००) + ४य = १७४०, म्हणजे ७य + ९०० = १७४०.

इथून पुढे ‘९०० पलीकडे नेले’ असं म्हणायला मनाई आहे. समासात लिहायचं, ‘दोन्ही बाजूंतून ९०० वजा’. मग ७य = ८४०, समासात ‘दोन्ही बाजूंना ७ ने भागले’, य = १२०. पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं एवढंच पाठ केलेली मुलं ८४० ला उणे ७ ने भागतात. माझी मुलगी तेच करायची. आता तिची वही बघितली की प्रत्येक ओळ कुठून आली ते मलाही कळतं. टॉवेल १२०, चादर ४२०.

बरोबरच्या चिन्हाबद्दल सर फार कडक आहेत. ‘१७४० − ९०० = ८४० ÷ ७ = १२०’ असं एका दमात लिहिलेलं लाल पेनने खोडतात, कारण १७४० मधून ९०० गेले तर १२० उरत नाहीत. हे चिन्ह १५५७ मध्ये वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्डने आणलं. दोन समांतर, सारख्या लांबीच्या रेघांइतकं सारखं दुसरं काही नसतं, असं त्याचं म्हणणं. पोरांना ते पटलंय.

आता उणीव सांगते. वेग कमी आहे. शाळेचा धडा पुढे जातो आणि इथे अजून कंसच चालू असतात. घटक चाचणीच्या तोंडावर माझ्या जिवाला घोर लागतो. दहावीला बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा आणि भूमितीचाही ४०, पण भूमिती इथे जवळजवळ नाहीच, त्यासाठी वेगळी सोय करावी लागेल. माडीवर पत्रे आहेत. एप्रिलमध्ये संध्याकाळीही बसवत नाही, म्हणून उन्हाळ्यात बॅच सकाळी ७ ला असते. शेजारी मागांचा खडखडाट असतो, मागच्या बाकावरच्यांना कमी ऐकू येतं. मुलांना पुढे बसायला सांगा.

बरीचशी मुलं घरी तेलुगू बोलणारी आहेत. अडलं की सर तेवढंच वाक्य तेलुगूत सांगतात आणि परत मराठीवर येतात. नळाला पाणी यायच्या दिवशी कुणी उशिरा आलं तर रागवत नाहीत, झालेलं उदाहरण शेजारच्या मुलाला समजावून द्यायला लावतात.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, दिवसांत सुट्टी असते. नवीन मुलं जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर घेतात, मधेच घेत नाहीत. पहिल्या दिवशी २०० पानी वही पाठवा, डावीकडे रुंद समास आखून.