जोडीनं तपास, जोडीनं प्रेम: तीन कादंबऱ्यांतली आधी कोणती घ्यायची?

खून हवा, जुना काळ हवा, आणि खुनाचा छडा लावता लावता ती दोघं एकमेकांत गुंतायलाही हवीत. अशी कादंबरी सुचवा, असं संभाजीनगरातल्या आमच्या वाचनगटात नव्यानं येणारं कुणी ना कुणी विचारतंच. मागणी रास्त आहे. पान उलटायची घाईही लागते आणि पुस्तक मिटल्यावर माणसं मनात राहतात. या जातीच्या तीन इंग्रजी कादंबऱ्या आमच्या गटात हातोहात फिरल्या आणि तिन्हींवर मतं चांगलीच फाटली. त्या मतांतूनच तुम्हाला निवड करता येईल, म्हणून ती इथे मांडते आहे.

पहिली नेव्ह मार्च यांची ‘मर्डर इन ओल्ड बॉम्बे’ (२०२०). दुसरी सुजाता मॅसी यांची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८), जी भारतात ‘अ मर्डर ऑन मलबार हिल’ या नावानं निघाली. तिसरी एलिझाबेथ पीटर्स यांची ‘क्रोकोडाइल ऑन द सँडबँक’ (१९७५). पहिल्या दोन मुंबईतल्या, पारशी घरांतल्या, तिसरी इजिप्तमधली. खुनी कोण, ते कुठल्याच कादंबरीबद्दल सांगणार नाही.

माझी कसोटी साधी आहे. जोडीतल्या एकाला कथेतून बाजूला काढलं, तर तपास अडतो का? अडत असेल तर ती खरी जोडी. नुसतंच प्रेमप्रकरण हवं असेल तर त्यासाठी खुनाची गरज नाही.

मार्च यांची कादंबरी १८९२ मध्ये सुरू होते. कॅप्टन जिम अग्निहोत्री जखमी होऊन पुण्याच्या लष्करी इस्पितळात पडून आहे. आई हिंदुस्थानी, बाप इंग्रज, आणि त्या बापाचा पत्ता नाही. त्या काळी नुकत्याच आलेल्या शेरलॉक होम्सच्या कथांनी तो झपाटलेला आहे. वर्तमानपत्रात त्याला अदी फ्रामजी नावाच्या तरुणाचं पत्र दिसतं. अदीची बायको आणि बहीण विद्यापीठाच्या घड्याळाच्या मनोऱ्यावरून पडून गेल्या. लोक आत्महत्या म्हणतात, अदीला ते मान्य नाही. जिम फौज सोडतो आणि या प्रकरणाच्या मागे लागतो. अदीची दुसरी बहीण डायना, विलायतेत शिकून आलेली. जिमचा जीव जडतो तिच्यावर.

यातला मनोऱ्याचा भाग खरा घडलेला आहे. २५ एप्रिल १८९१ ला राजाबाई टॉवरवरून दोन पारशी तरुणी पडून गेल्या. त्यातल्या बचूबाई म्हणजे आर्देशीर गोदरेज यांची पत्नी. पुढे १८९७ मध्ये कुलुपांचा कारखाना काढणारे गोदरेज ते हेच. खटला चालला, आरोपी सुटला, आणि मुंबईत त्यावर कितीतरी दिवस वाद चालला. मंत्रालयात फाइलीच्या मागे गेलेल्या आपल्याकडच्या माणसानं ओव्हल मैदानाच्या कडेनं चालताना तो मनोरा पाहिलेला असतोच. प्रेमचंद रायचंद यांनी पैसा देऊन आईच्या नावानं बांधलेला, १८७८ मध्ये पूर्ण झालेला, सुमारे ८५ मीटर उंच. कादंबरी वाचून तो पुन्हा पाहाल तेव्हा नजर आपोआप वरच्या सज्ज्याकडे जाईल.

जिम आमच्या गटात जवळपास सगळ्यांना आवडला. कुठल्याच समाजाचा पुरता नसलेला हा माणूस फ्रामजींच्या घरात जेवायला बसतो तेव्हा त्याला त्या मुलीइतकंच ते घरही हवं असतं, आणि हे मार्च फार मायेनं लिहितात. त्या स्वतः मुंबईच्या पारशी असल्यानं घरातल्या चालीरीती आतून येतात. पारशांनी समाजाबाहेर लग्न करायचं नाही, हा अडसर नुसता सांगायला ठेवलेला नाही, तो दोघांना खरोखर दुखवतो. पुढे १९०८ मध्ये हा पारशी कोण, कोण नाही हा वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्याच्या सोळा वर्षं आधी डायनाचे वडील काय म्हणतील, याची कल्पना करा.

तक्रारी दोन आल्या. एक मधल्या भागाबद्दल. कथा मुंबई सोडून उत्तरेत लाहोर-पठाणकोटकडे जाते, लढाया होतात, अनाथ पोरं जिमच्या गळ्यात पडतात. गटातल्या अर्ध्यांना हाच भाग सगळ्यात आवडला. उरलेल्यांचं म्हणणं, मनोऱ्यावरच्या त्या दोघी कुठं राहिल्या? मी दुसऱ्या बाजूची. पोरांचे प्रसंग सुंदर आहेत, पण ते वेगळ्या पुस्तकातले वाटतात.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. बीडच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका गटात येतात, आम्ही त्यांना बाई म्हणतो. त्या म्हणाल्या, “पोरगी हुशार आहे म्हणून सांगू लागलेत, पण हुशारी दाखवू कुठं लागलेत?” बाईंचं निम्मं खरं आहे. डायना नसती तर जिमला बड्या घरांतली माणसं, त्यांचे संबंध, त्यांची मौनं कळली नसती. तपास तिच्यावाचून अडतो. पण वेष पालटणं, पाठलाग, मारामारी हे सगळं त्याच्याकडे. शिवाय कथा जिमच्याच तोंडून येते, म्हणून डायना आपल्याला दिसते ती त्याच्या प्रेमाच्या नजरेतून. प्रेमकथा म्हणून ते छान आहे. भागीदारी म्हणून तिच्या वाट्याला कमी येतं.

आता मॅसी. मराठवाड्यातल्या वाचकासाठी तिन्हींत जवळचं पुस्तक मला हेच वाटतं, गोष्ट मुंबईतली असली तरी.

१९२१ साल. परवीन मिस्त्री वडिलांच्या कचेरीत सॉलिसिटर आहे. बाई असल्यानं न्यायालयात उभी राहून युक्तिवाद करू शकत नाही, कागदपत्रांचं काम करते. मलबार हिलवर उमर फरीद नावाचा गिरणीमालक मरतो, मागे तीन विधवा: रझिया, सकीना आणि मुमताज. तिघी पडदानशीन, म्हणजे परक्या पुरुषासमोर न येणाऱ्या. तिघींनी आपला मेहेर (लग्नात नवऱ्याकडून बायकोला मिळणारं हक्काचं धन) वक्फला (धर्मादाय निधीला) देऊन टाकल्याचं पत्र येतं. त्यावरच्या सह्या पाहून परवीनला शंका येते. तिचे वडील कितीही नावाजलेले असोत, त्या बायकांना ते समोरासमोर विचारू शकत नाहीत. परवीन विचारू शकते. ती आत जाते, आणि मग त्या घरात खून होतो.

मेहेर, वक्फ, पडदा हे शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकाला तळटीप लावून समजवावे लागतील. आपल्याकडे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं. आजोबांच्या ट्रंकेत उर्दूतले जमिनीचे कागद निघतात, जुन्या शहरात देवड्यांच्या कमानी अजून उभ्या आहेत. म्हणून फरीदांचं घर आमच्या गटात कुणालाच परकं वाटलं नाही. लातूरची एक वकील मैत्रीण म्हणाली की हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेताना ती रोज जे बघते, तेच इथे शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावर आहे. सही खरी असते, पण ती कशावर केली हे करणारीला कुणी सांगितलेलं नसतं. कसोटी इथे लावून बघा. परवीनला काढलं तर तपास सुरूच होत नाही, कारण तो दरवाजा उघडण्याचा हक्क त्या घरात दुसऱ्या कुणाला नाही.

परवीनच्या मागे खऱ्या बायका आहेत. नाशिकमध्ये १८६६ साली जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या आणि ऑक्सफर्डला कायदा शिकणाऱ्या पहिल्या स्त्री ठरलेल्या कॉर्नेलिया सोराबजी. त्यांनी पडदानशीन बायकांच्या इस्टेटींचं काम वर्षानुवर्षं केलं. आणि १९२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिलीची परवानगी मिळालेल्या मिठन टाटा, लग्नानंतरच्या मिठन लाम.

मग प्रेम कुठं आहे? ते मागच्या काळात आहे. कादंबरी मधेमधे १९१६ कडे जाते. तरुण परवीन कलकत्त्याच्या सायरस सोडावालाच्या प्रेमात पडते, लग्न करून सासरी जाते. तिथे पाळीच्या दिवसांत तिला एका कोंदट खोलीत एकटं बसवतात. घर श्रीमंत, माणसं शिकलेली, आणि सून दाराआड. कावळा शिवला म्हणून अंगणाच्या कडेला बसणं ज्यांनी आईचं, आजीचं पाहिलं आहे, काहींनी स्वतःही सोसलं आहे, त्यांनी ही पानं एका बैठकीत वाचून काढली. गटात त्या दिवशी पुस्तकापेक्षा जास्त बोलणं आपल्या घरांबद्दल झालं, आणि बायका पहिल्यांदाच पुरुषांसमोर त्यावर बोलल्या. माझ्या लेखी हे या कादंबरीचं सगळ्यात मोठं बळ.

ते लग्न मोडतं, पण सुटत नाही. १८६५ च्या पारशी विवाह कायद्यात बाईला घटस्फोट मिळणं फार अवघड होतं. म्हणून १९२१ मधली परवीन पुन्हा प्रेमात पडायला मोकळी नाही. तपासातली तिची जोडीदार आहे ॲलिस हॉब्सन-जोन्स, ऑक्सफर्डची मैत्रीण, गणितात तरबेज, इंग्रज अधिकाऱ्याची मुलगी. दोघींची मैत्री लोभस आहे. पण नायक-नायिकेची जोडी हवी म्हणून पुस्तक उचललंत तर हात रिकामा राहील, आणि आमच्या गटातल्या दोघा-तिघांचा तसा विरस झालाही. काळ सारखा मागे-पुढे होतो, त्यानं रहस्याची पकड सुटते, अशीही तक्रार आली. ही तक्रार मला पटत नाही. परवीन त्या तीन विधवांसाठी एवढी का झगडते, हे मागचा काळ वाचल्याशिवाय उमगत नाही.

पीटर्स यांच्याबद्दल थोडक्यात. १८८४ च्या सुमारास अमेलिया पीबडी, बापाची इस्टेट मिळालेली अविवाहित इंग्रज बाई, इजिप्तला निघते. वाटेत रोममध्ये संकटात सापडलेल्या एव्हलिनला सोबत घेते. अमर्नाच्या उत्खननावर रॅडक्लिफ इमर्सन हा तापट पुरातत्त्वज्ञ भेटतो आणि रात्री एक ममी चालताना दिसू लागते. लेखिका स्वतः इजिप्तविद्येत डॉक्टरेट मिळवलेल्या, त्यामुळे मातीपासून थडग्यापर्यंत सगळं खात्रीचं. रहस्य सोपं आहे, मुरलेल्या वाचकाला लवकर सुटेल. पण जोडी म्हणून तिन्हींत सरस हीच. दोघं एकमेकांशी भांडतात ते पुराव्यावरून, आणि भांडता भांडताच पुढची दिशा सापडते. इमर्सन आजारी पडतो तेव्हा अमेलिया उत्खननच हातात घेते.

त्यातला एक प्रसंग आपल्यासाठी खास आहे. जमिनीवर रंगवलेलं एक प्राचीन चित्र सापडतं. ते उखडू नये म्हणून त्यावर टॅपिओकाचं पाणी, म्हणजे आपल्या साबुदाण्याच्याच पिठाचं पातळ पाणी, बोटानं हळूहळू फिरवतात. फ्लिंडर्स पेट्री या खऱ्या पुरातत्त्वज्ञानं अमर्नाला हेच केलं होतं. हे वाचताना सिल्लोडच्या आमच्या शिक्षक मित्राला अजिंठा आठवला. निजाम सरकारनं १९२० ते १९२२ च्या दरम्यान इटलीहून तज्ज्ञ आणून लेण्यांतल्या चित्रांवर लाखेचा लेप दिला, तो पुढे पिवळा पडला आणि रंग झाकोळले. वाचवणाऱ्याचा हातच नासधूस करू शकतो, ही धास्ती त्या प्रसंगात आहे, आणि लेण्यांच्या सावलीत वाढलेल्या माणसाला ती लगेच कळते.

या पुस्तकाबद्दलची नाराजीही त्यानंच बोलून दाखवली. खणणारे, ओझी वाहणारे इजिप्शियन लोक अमेलियाच्या नजरेत बहुतेक वेळा अडाणी किंवा भाबडे असतात. १८८४ ची इंग्रज बाई असंच बोलली असती हे मान्य. तरी वेरूळच्या गुंफांत ज्याचे आजे-पणजे साहेबापुढे मशाल धरून चालले, त्याला ते टोचतं. टोचत असेल तर पुस्तक बाजूला ठेवायला हरकत नाही. इंग्रजीही तिन्हींत हिचीच अवघड, जुन्या वळणाची, लांब वाक्यांची. मॅसी आणि मार्च यांची भाषा बारावीच्या मुलीला झेपेल, जरी दोन्ही पुस्तकं चारशे पानांच्या घरात जातात.

तेव्हा हुरहुर लावणारं प्रेम आणि धाडस हवं असेल, मधली भटकंती चालत असेल, तर मार्च घ्या. जोडीतली बरोबरी, चुरचुरीत संवाद आणि जुन्या वास्तूंचं वेड असेल तर पीटर्स. तपास कसा चालतो, कायदा कुणाला वाचवतो आणि कुणाला नाही, हे बघायचं असेल तर मॅसी. मला विचाराल तर मी मॅसी आधी देईन, तुम्ही प्रेमकथाच मागितली असलीत तरी. त्यांच्या दुसऱ्या भागात, ‘द सातापूर मूनस्टोन’ (२०१९) मध्ये, परवीन सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात जाते आणि तिथे कॉलिन सँडरिंगहॅम भेटतो. पहिला भाग वाचलेला असेल तर त्या दोघांतलं अंतर किती मोठं आहे आणि ते किती जपून कमी होतं, हे नीट पोचतं. थेट दुसरा भाग उचलू नका.

मार्च यांच्या बाबतीत उलटी काळजी घ्या. पहिला भाग संपेपर्यंत ‘पेरिल ॲट द एक्स्पोझिशन’ (२०२२) या दुसऱ्या भागाचं मलपृष्ठ वाचू नका. तो १८९३ च्या शिकागोत घडतो, आणि फ्रामजींच्या घरातल्या त्या नकाराचं पुढे काय झालं ते तिथंच कळून जातं.