घरी वस्तऱ्याने दाढी : नऊ महिने वापरल्यानंतर

जानेवारीत जर्मनीतल्या सोलिंगेनचा वस्तरा घेतला. पातं कार्बन स्टीलचं, पाच अष्टमांश इंच रुंद. धार लावायचा चामड्याचा पट्टा, ब्रश आणि साबण धरून ₹15,000 च्या आसपास खर्च झाला. आता सप्टेंबर संपत आलाय आणि आठवड्यातून चारदा याच वस्तऱ्याने दाढी होते. वस्तरा मला मनापासून आवडलाय, पण शिकायला वेळ द्यावा लागतो.

सलूनमध्ये हल्ली दिसतो त्या वस्तऱ्यात अर्धं ब्लेड बसवतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला बदलतात. सलूनला तेच योग्य. माझ्या वस्तऱ्याचं पातं कायमचं आहे, धार आपणच राखायची. म्हणून तो एकाच माणसाने वापरायचा. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात. सख्ख्या भावालाही देऊ नये.

पहिले दोन आठवडे मी फक्त गाल केले, बाकी चेहरा नेहमीच्या रेझरने. कोन साधारण 30 अंश, जोर अजिबात नाही. तिसऱ्या आठवड्यात घाई करून हनुवटीवर गेलो आणि कापलं. वस्तरा खाली यायच्याऐवजी धारेच्या रेषेत जेमतेम दोन मिलिमीटर आडवा सरकला, तेवढं पुरलं. दुखलं काहीच नाही, पांढरा फेस गुलाबी झाला तेव्हा कळलं. तुरटी ओली करून दाबून धरली.

आळीतल्या सलूनवाल्या काकांना जखम दाखवली. ते म्हणाले, "उजव्या हाताकडे काय बघतोस? डावा बघ. कातडी सैल राहिली की वस्तरा आत शिरणारच." माझा गाल कानाजवळ अंगठ्याने वर ओढून त्यांनी दाखवला, कातडी तबल्याच्या पुडीसारखी ताठ झाली. साबणाने बोटं घसरतात, त्यावर उपाय म्हणून बोटांच्या टोकांना तुरटी चोळायची. हे कळल्यापासून खोल कापलेलं नाही. हनुवटीवर मात्र पुन्हा गेलो तो दीड महिन्याने, वरच्या ओठावर त्याहूनही उशिरा.

माझ्या मते खरी सुरक्षितता पट्ट्यावर ठरते. बोथट वस्तरा केस ओढतो, मग हात नकळत जोर देतो आणि तिथेच कापतं. दाढीआधी 50 फेऱ्या मारतो : पाठ पुढे, धार मागे, पट्टा ताठ. टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवर पलटायचा. फेब्रुवारीत एकदा धारेवर पलटला आणि चामड्यातून चंद्रकोरीएवढी चकती उचलली गेली. बारीक पॉलिश पेपरने जागा घासून घेतली. पट्टा वाचला, पण धार थोडी उतरली. सुरुवातीला स्वस्तातलाच पट्टा घ्या. पुढे मे महिन्यात केस ओढले जायला लागले तेव्हा 12,000 ग्रिटच्या, म्हणजे अगदी बारीक कणांच्या दगडावर हलक्या हाताने पंधरा फेऱ्या दिल्या. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली ठेवायची, कोन आपोआप जमतो.

पावसाळ्यात रत्नागिरीच्या दमट हवेने परीक्षाच पाहिली. बाथरूममध्ये ठेवलेल्या वस्तऱ्यावर जुलैत मुठीच्या सांध्याजवळ तांबूस ठिपके आले. धारेपर्यंत पोचले असते तर पुन्हा दगडावर घ्यावा लागला असता. आता धुऊन, कोरडा पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पसरवतो आणि वस्तरा कपाटात कुलपात ठेवतो. कुलूप मुलांसाठीही हवंच. खोबरेल वापरून पाहिलं होतं, ते चिकट होतं.

हातातून निसटला तर झेलायला जाऊ नका, पडू द्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर या वाटेला जाऊ नये. तोंडावर मुरमं असतील तेव्हा थांबावं.

पहिली दाढी पाऊण तासाची होती, आता वीस मिनिटं लागतात. गाल दुसऱ्या दिवशी सकाळीही मऊ असतात, मानेवरचे लाल फोड पूर्ण थांबले. गळ्याच्या डाव्या बाजूला माझे केस आडवे वाढतात. तिथे केसांच्या उलट दिशेने वस्तरा अजून फिरवलेला नाही.