हिरवी खूण कशाची? व्यवसायनाव नोंदणीच्या एका ऑनलाइन सेवेबद्दल

जुन्या लाकडी फर्निचरची दुरुस्ती करणाऱ्या आमच्या भागीदारी व्यवसायाचे कंपनीत रूपांतर करताना नावाची तपासणी व नोंदणी हे काम आम्ही एका ऑनलाइन सेवेकडे सोपवले होते. अर्जाची सुटसुटीत मांडणी, कागदपत्रांची छाननी आणि प्रत्येक टप्प्यावर वेळेत मिळणारी सूचना, एवढ्यापुरते पाहिले तर या सेवेला नावे ठेवायला जागा नाही. ‘राष्ट्रीय’ किंवा ‘बँक’ यांसारखे शब्द नावात घातल्यास अनेक देशांत वेगळी परवानगी लागते, हा इशाराही तिने अर्ज भरतानाच दिला.

प्रश्न आहे तो ‘नाव उपलब्ध’ या हिरव्या खुणेचा. आम्ही ‘सुबक’ हे नाव रोमन अक्षरांत भरले आणि क्षणात ती खूण उमटली. प्रत्यक्षात ‘यू’च्या जागी दोन ‘ओ’ लिहिणारी त्याच नावाची एक कंपनी आधीपासून नोंदलेली होती. सेवा अक्षराला अक्षर जुळते का, एवढेच पाहते. कंपनी निबंधक मात्र सहसा ‘लिमिटेड’सारखी शेपटी, विरामचिन्हे आणि शब्दांमधील जागा वगळून नावे ताडून पाहतो आणि उच्चार सारखा वाटला तरी हरकत घेऊ शकतो. आमचा पहिला अर्ज याच कारणाने परत आला.

दुसरे नाव ‘नवसांधा’. ते मंजूर झाले, प्रमाणपत्रही हाती आले, आणि पाटी रंगवायला देण्यापूर्वी सहज म्हणून एका वकिलांना दाखवले, तेव्हा याच्याशी मिळतेजुळते बोधचिन्ह (ट्रेडमार्क, म्हणजे वस्तू किंवा सेवा ओळखण्यासाठी वापरायचे नाव वा खूण) दुरुस्तीसेवेसाठी आधीच नोंदलेले असल्याचे कळले. वास्तविक बोधचिन्हांच्या तपासणीचे वेगळे शुल्क आम्ही या सेवेला भरले होते. बोधचिन्हे ज्या वस्तू-सेवांसाठी नोंदवतात त्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत, म्हणजे नीस वर्गीकरणात, 45 वर्ग आहेत, त्यांपैकी 34 वस्तूंचे आणि 11 सेवांचे. सेवेने ‘फर्निचर’ हा शब्द पाहून फक्त वर्ग 20 तपासला, आणि दुरुस्तीचे काम मोडते वर्ग 37 मध्ये. ग्राहक फर्निचर विकतो की दुरुस्त करतो, हा एक प्रश्न अर्जात असता तर पुढचे सारे टळले असते. कंपनीच्या नोंदवहीत नाव लागले म्हणजे ते बाजारात वापरण्याचा हक्क मिळाला असे नव्हे, हे वाक्य सेवेच्या अटींमध्ये आहे खरे, पण हिरव्या खुणेजवळ नाही.

वर्गांनुसार आणि देशांनुसार शोध घेण्याची सोय जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या ‘ग्लोबल ब्रँड डेटाबेस’वर विनामूल्य आहे, तिथे आम्ही आधी पाहिले असते तर बरे झाले असते. अर्थात नोंदवह्या चाळूनही सगळे हाती लागत नाही. औद्योगिक संपदेच्या संरक्षणासाठीच्या 1883 च्या पॅरिस कराराच्या आठव्या कलमानुसार व्यापारी नावाला सदस्य देशांत नोंदणीवाचूनही संरक्षण मिळते, त्यामुळे कोणत्याच यादीत नसलेला जुना व्यावसायिकही हरकत घेऊ शकतो. असा शोध कोणतेही यंत्र पुरता घेऊ शकणार नाही, आणि त्याबद्दल आमची तक्रारही नाही.

तक्रारीनंतर सेवेने बोधचिन्ह तपासणीचे शुल्क परत केले, नाव बदलण्याच्या अर्जाचा खर्च मात्र आमच्याच माथी राहिला. अर्ज भरून घेण्याच्या कामासाठी पाचपैकी चार तारे, नाव तपासण्यासाठी एक.