मिरिस्साचा देवमासा आणि आमचे १ लाख ६४ हजार

श्रीलंकेला, दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्साला देवमासे बघायला जायचा विचार असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा.

बाबा निवृत्त झाल्यापासून दर हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तलावावर पक्षी बघायला जातात. निळा देवमासा एकदा तरी डोळ्यांनी बघायचा, ही त्यांची फार जुनी इच्छा. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या ओळखीतून एक एजंट मिळाला. मराठी, घरी येऊन चहा घेणारा, म्हणून आम्ही निर्धास्त. "काका, मिरिस्साला बारा महिने दिसतात. नाही दिसला तर बोटीचे पैसे परत." दोघांचे १ लाख ६४ हजार त्याने स्वतःच्या बचत खात्यात घेतले. पावती मागितली, तर व्हॉट्सॲपवर नुसतं "मिळाले".

जूनमध्ये पोहोचलो, तर बंदरात बोटी ताडपत्री घालून बांधून ठेवलेल्या. समुद्र खवळलेला. एका बोटवाल्याने बाबांना बसायला स्टूल दिलं आणि समजावलं: दक्षिण किनाऱ्यावरचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. त्यानंतर नैर्ऋत्य मोसमी वारे, म्हणजे आपल्याकडे पाऊस आणणारेच. या दिवसांत देवमासे बघायचे तर पूर्वेला त्रिंकोमालीला जावं लागतं. एजंटाला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

फोन केला, तर म्हणाला, "काका, निसर्गापुढे कोणाचं चालतं?" व्हाउचरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं: हवामानामुळे फेरी रद्द झाल्यास परतावा नाही.

सिंहराजा नावाच्या तिथल्या वर्षावनाचं तिकीट आणि गाइड पॅकेजमध्ये होते. जंगलाच्या कुडावा गेटवर आमच्या नावाचं बुकिंगच नव्हतं, पुन्हा रोख भरले. पाऊस, पायांना जळवा. पण गाइडने श्रीलंका ब्लू मॅगपाय दाखवला. निळं ओलं अंग, तपकिरी डोकं, लाल चोच. बाबा कितीतरी वेळ छत्री मिटून तसेच उभे होते. जगात हा पक्षी फक्त याच बेटावर आहे.

तुम्ही जाणार असाल तर कोणत्या महिन्यात देवमासे दिसतात ते आधी स्वतः तपासा, परताव्याचं बोलणं लेखी घ्या आणि पैसे कंपनीच्या खात्यातच भरा. मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली आहे. एजंट आता म्हणतो, बोट फुकटच दिली होती, तिचे पैसे धरलेच नव्हते.

आणि सप्टेंबरच्या मिरिस्सा सहलीची त्याची जाहिरात काल आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर आली.