आठ महिने रीजन्सी रोमकॉम वाचून झाल्यावर

जुना ई-रीडर कपाटात पडून होता, नोव्हेंबरात बाहेर काढला आणि तेव्हापासून एकच प्रकार वाचतेय, म्हणजे आजची नोकरीबिकरी करणारी मुलगी कशीतरी दोनशे वर्षांपूर्वीच्या, म्हणजे रीजन्सी काळातल्या इंग्लंडात जाऊन पडते आणि तिथे एक अबोल, श्रीमंत, खडूस माणूस भेटतो. आठ महिन्यांत चौदा घेतली, चार अर्धवट सोडली, त्यामुळे दहाच धरा. ई-रीडरचा एक फायदा म्हणजे लोकलमध्ये कव्हर दिसत नाही, ही कव्हरं म्हणजे नको रे बाबा.

सुरुवात शॅनन हेलच्या 'ऑस्टनलँड'ने केली, २००७ चं आहे. टाइम ट्रॅव्हल वगैरे नाही. जेन ऑस्टनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' कादंबरीवरच्या टीव्ही मालिकेतला हिरो, म्हणजे कॉलिन फर्थचा डार्सी, त्याच्यापायी वेडी झालेली न्यूयॉर्कची जेन, तिची एक म्हातारी नातेवाईक मृत्युपत्रात तिला इंग्लंडमधली सुट्टी ठेवून जाते, तिथे सगळ्यांनी रीजन्सीतल्यासारखं राहायचं आणि भाव खाणारे पुरुष म्हणजे पगारी नट! मग समोरचा गोड बोलला की हा मनापासून बोलतोय का ड्युटी करतोय, हेच कळेना. मला अजून तरी या सगळ्यात हेच भारी वाटलंय.

खरी मजा नियमांची आहे. एकाच माणसाबरोबर दोनपेक्षा जास्त नाच केले की गावभर चर्चा, लग्न ठरलेलं नसेल तर त्याला साधं पत्रही लिहायचं नाही. मी हे आईला वाचून दाखवलं, ती मटार सोलत होती. म्हणाली, "आमच्यापेक्षा बरंय की गं, दोन नाच तरी होते. मी पोहे देताना मान वर केली नाही, तुझ्या बाबांचा चेहरा नीट बघितला तो लग्नानंतरच." तेव्हापासून रोज विचारते, आज कोण नाचलं?

आता तक्रारी. बऱ्याच पुस्तकांत हिरॉइन गेल्या गेल्या सेट होते. अगं बाई, पिसाच्या टाकाने एक ओळ लिहून बघ, हात काळे होतील. आणि तेव्हा पोस्टाचे पैसे पत्र घेणारा द्यायचा, म्हणजे तुझ्या दहा पानी रडगाण्याचा भुर्दंड मैत्रिणीला, यावर एक तरी जोक मारा ना. शिवाय लंडनात स्वतःच्या पगारातून फ्लॅटचे हप्ते भरणारी मुलगी ड्यूकला हो म्हणते आणि लग्नानंतर माझ्या पैशांचं काय होणार हे विचारतच नाही! तेव्हा बाईकडची रोकड थेट नवऱ्याची व्हायची, ते बदलणारे कायदे १८७० आणि १८८२ मध्ये आले. खुद्द जेन ऑस्टनने २ डिसेंबर १८०२ ला एका जमीनदाराच्या मुलाला संध्याकाळी होकार दिला आणि सकाळी उठून नाही सांगितलं. मला त्या एका रात्रीवर अख्खं पुस्तक हवंय.

अजून एक खुपतं, तुम्हाला कदाचित नाही खुपणार. हिरोचा कुणीतरी भाऊ नाहीतर काका 'इंडियातून' पैसा कमवून आलेला असतो आणि विषय तिथेच संपतो. मी रोज खडकी स्टेशनवरून जाते. इथली पेशवे-इंग्रज लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची, आणि दुसऱ्याच दिवशी तिकडे इंग्लंडात राजकन्या शार्लट बाळंतपणात गेली, अख्खा देश सुतकात. इतकं जवळजवळ घडलंय सगळं, पण पुस्तकांत आपण फक्त शाल आणि चहापुरते.

पुस्तकांच्या ॲपचं नाव घेत नाही, पण सबस्क्रिप्शन बंद करूनही दोन महिने पैसे कापलेत, तेवढं बघून घ्या.

सध्या पंधरावं चालू आहे. हिरॉइनचा त्याच माणसाबरोबर तिसरा नाच झालाय, आईला अजून सांगितलं नाहीये.