ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात ग्राफिक्स कार्ड: कोअर वाढवावा की मेमरी?

ग्राफिक्स कार्डाचा वेग कंपनीने ठरवल्यापेक्षा वाढवायचं (ओव्हरक्लॉकिंग) सॉफ्टवेअर म्हणजे एमएसआय आफ्टरबर्नर. त्यात कोअर क्लॉक (मुख्य चिपचा वेग) आणि मेमरी क्लॉक (कार्डावरच्या मेमरीचा वेग) यांचे स्लायडर शेजारी-शेजारी असतात, म्हणून दोघांचा स्वभावही सारखाच असेल असं वाटतं. तसं अजिबात नाही. उदाहरणाला आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं कार्ड घेऊ.

मेमरीचा हिशेब सरळ आहे. १९२ बिटचा बस (मेमरी आणि चिपमधला डेटाचा रस्ता) आणि दर बिटमागे १५ जीबीपीएस (सेकंदाला गिगाबिट) वेग म्हणजे सेकंदाला ३६० जीबी (गिगाबाइट). आफ्टरबर्नरमध्ये हा वेग साधारण ७५०० मेगाहर्ट्झ दिसतो. त्यात +५०० दिले की १६ जीबीपीएस, म्हणजे ३८४ जीबी. जवळजवळ पावणेसात टक्के वाढ, आणि विजेचा खर्च किरकोळ. कोअरला +१०० दिले तर वाढ साधारण पाच टक्के, तीही कागदावरच. कार्ड १७० वॅटच्या मर्यादेला टेकलं की स्वतःच क्लॉक खाली ओढतं, त्यामुळे दिलेलं सगळं हाती लागत नाही. १०८० पी वर व्हॅलोरंट खेळणाऱ्याने तर दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. तिथे बहुधा प्रोसेसरच आडवा येतो.

कोअर जास्त झाला तर लगेच कळतं: गेम बंद पडतो, स्क्रीन क्षणभर काळी होते, ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. मेमरी जास्त फसवी. कधी स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा चौकटी उमटतात, पण जीडीडीआर६एक्स मेमरीच्या कार्डांवर (३०६० वर साधी जीडीडीआर६ असते) बरेचदा काहीच दिसत नाही. चुकलेला डेटा पुन्हा पाठवला जातो आणि स्लायडर वर गेला तरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) घसरतो.

आता उन्हाचं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एखाद्या घराच्या वरच्या मजल्यावर मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, कोअर समजूतदारपणे वागतो: तापमान वाढेल तसा १५-१५ मेगाहर्ट्झने मागे येतो. मेमरी मागे येत नाही. जानेवारीत लावलेला +८०० तसाच चालू राहतो आणि नेमका तेव्हाच दगा देतो. कोअरचं उलट होतं. उन्हाळ्यात जमलेला ऑफसेट (वाढवलेला आकडा) थंडीत एक-दोन पायऱ्या वर चढतो आणि तिथे अडखळू शकतो.

म्हणून आमचा कौल: आधी मेमरी, पण आकडा उन्हाळ्यात ठरवा. कोअर शून्यावर ठेवून मेमरी १००-१०० ने वाढवा आणि दर वेळी युनिजिन सुपरपोझिशन या ग्राफिक्स चाचणीचा स्कोअर लिहून ठेवा. स्कोअर वाढायचा थांबला की १५० मागे या. कोअर नंतर, ३०-३० ने.

मे-जूनमध्ये कोअर वाढवण्यापेक्षा अंडरव्होल्ट (चिपला कमी व्होल्टेज देणं) परवडतं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेज-वेगाचा आलेख (कर्व्ह) उघडा, ९०० मिलिव्होल्टचा ठिपका १८०० मेगाहर्ट्झवर न्या, त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके त्याच रेषेत सपाट करा. वेग जवळपास तोच राहतो, वॅट आणि पंख्याचा आवाज कमी होतो. गेम बंद पडलाच तर २५ मिलिव्होल्ट पुढचा ठिपका घ्या.

खसचा (वाळ्याचा) कूलर कॅबिनेटवर रोखून ठेवू नका. त्याच्या हवेबरोबर पाण्याचे तुषार येतात आणि लूची (उन्हाळी गरम वाऱ्याची) धूळ कार्डाच्या फिनवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांवर) चिकटते. आणि विंडोज सुरू होताच सेटिंग लागू करणारं बटण भर दुपारी तासभर गेम चालल्याशिवाय दाबू नका. चुकीचा आकडा साठला असेल तर सेफ मोडमध्ये जाऊन आफ्टरबर्नर काढावा लागू शकतो.