प्लँटयूएमएल: सीक्वेन्स डायग्रामला पहिली पसंती, मोठ्या क्लास डायग्रामला जपून

माउसने चौकोन ओढून काढलेली आकृती पहिल्या दिवशी देखणी दिसते. पुढे कोडमधल्या एका सर्व्हिसच्या दोन होतात, आकृतीत मात्र ती एकच राहते, कारण मूळ फाइल कुठे आहे हेच कुणाला ठाऊक नसतं. प्लँटयूएमएल इथे कामाला येतं. आकृती साध्या मजकुरात लिहायची, कोडच्याच गिट रिपॉझिटरीत ठेवायची आणि कोड बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्येच तिच्या ओळी बदलायच्या. कोणता बाण हलला ते डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या ओळींच्या तुलनेत, दिसतं.

हे ओपन सोर्स टूल २००९ पासून आहे आणि जावावर चालतं. जार फाइल (जावा प्रोग्रामची फाइल) उतरवली की सीक्वेन्स डायग्राम, म्हणजे कोण कुणाला कोणत्या क्रमाने संदेश पाठवतं ते दाखवणाऱ्या आकृत्या, लगेच निघतात. क्लास, कंपोनंट, स्टेट, यूज केस यांची मांडणी मात्र ग्राफव्हिझ हा दुसरा प्रोग्राम करतो; विंडोजसाठी तो आता जारमध्येच येतो, इतरत्र वेगळा बसवावा लागतो. ते टाळायचं असेल तर सुरुवातीला प्राग्मा ओळ (टूलला सूचना देणारी ओळ) टाकून स्मेटाना इंजिन निवडा. ते ग्राफव्हिझचंच जावात उतरवलेलं रूप आहे. दोघांची मांडणी तंतोतंत जुळेलच असं नाही, म्हणून टीमभर एकच इंजिन ठेवा.

सीक्वेन्स डायग्राममध्ये या टूलला तोड नाही. ‘->’ म्हणजे कॉल, ‘-->’ म्हणजे तुटक रेघेचं उत्तर. ‘ऑटोनंबर’ लिहिलं की संदेशांना क्रमांक पडतात, मग चर्चेत ‘सातव्या संदेशाला टाइमआउट झाला तर?’ असं नेमकं विचारता येतं. पार्टिसिपंट, म्हणजे संदेश देणारे-घेणारे, सगळ्यात वर जाहीर करा. नाहीतर ज्याचं नाव आधी येईल तो डावीकडे बसतो आणि बाण उलटसुलट धावतात.

चुका होतात त्या ॲक्टिव्हेशनच्या पट्ट्यांत, म्हणजे कोण किती वेळ कामात आहे ते दाखवणाऱ्या उभ्या पट्ट्यांत. डिॲक्टिव्हेट विसरलं की पट्टी आकृतीच्या तळापर्यंत लांबते. ‘आल्ट’च्या, म्हणजे ‘असं झालं तर हे, नाहीतर ते’ दाखवणाऱ्या, फांद्यांत गोंधळ आणखी वाढतो. टूल ओळी वरून खाली वाचत जातं, फांद्या पर्यायी आहेत हे पट्ट्यांच्या बाबतीत ते जाणत नाही. पेमेंट यशस्वी झाल्याच्या फांदीत पट्टी बंद केली, तर अपयशाच्या फांदीत ती आधीच बंद असते. उपाय सोपा आहे: आल्टच्या आधी ॲक्टिव्हेट, आल्ट संपल्यावर डिॲक्टिव्हेट.

क्लास डायग्राममध्ये, म्हणजे कोडमधले क्लास आणि त्यांचे संबंध दाखवणाऱ्या आकृतीत, मांडणी तुमच्या हातात नसते, हे आधीच मान्य करा. बाणातला एक हायफन दोन चौकोन आडवे ठेवतो, दोन हायफन उभे. बाणात दिशा लिहिता येते, अदृश्य बाणाने चौकोन जवळ खेचता येतात. पण एक नवा संबंध जोडला की सगळी आकृती नव्याने बसते आणि कालची कारागिरी वाया जाते. पंधरा-वीस चौकोनांच्या पुढे गेलात की अदृश्य बाण मोजत बसू नका, आकृती फोडा. वरच्या पातळीच्या आर्किटेक्चरसाठी सोबत येणारी सीफोर लायब्ररी वापरा. कॉन्टेक्स्ट, कंटेनर, कंपोनंट या पातळ्या वेगळ्या ठेवायची शिस्त ती लावते आणि गर्दी मुळातच होत नाही.

पीएनजीची मर्यादा मूळ सेटिंगमध्ये ४०९६ पिक्सेल आहे. त्यापुढचा भाग कापला जातो. मर्यादा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने वाढवता येते, पण एसव्हीजी घेणं बरं. त्यातही मजकुराची रुंदी आकृती बनवणाऱ्या मशीनच्या फॉन्टवरून ठरते. पाहणाऱ्याकडे तो फॉन्ट नसला तर अक्षरांमधलं अंतर विस्कटतं. मराठी लेबलं असतील तर कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ आहे असं कमांडमध्येच सांगा. जावा १८ च्या आधी विंडोजवर तो आपोआप तसा नसायचा.

गोपनीयतेकडे फार लोक दुर्लक्ष करतात. सार्वजनिक सर्व्हरवर आकृती काढली की तिचा सगळा मजकूर कॉम्प्रेस होऊन यूआरएलमध्येच जातो, आणि यूआरएल लॉगमध्ये उरतात. एडिटरचं प्लगइन कोणत्या सर्व्हरकडे बोलतं ते तपासा; ऑफिसच्या कामासाठी डॉकरमधला स्वतःचा सर्व्हर चालवा. शिवाय पीएनजीच्या मेटाडेटात मूळ मजकूर भरलेला असतो, कॉमेंटसह. क्लायंटला चित्र पाठवण्याआधी ‘नोमेटाडेटा’ पर्याय देऊन ते पुन्हा काढा.

मर्मेड या मजकुरातूनच आकृत्या काढणाऱ्या दुसऱ्या टूलशी तुलना होणारच. गिटहब फेब्रुवारी २०२२ पासून मार्कडाउनमधलं मर्मेड थेट दाखवतं, प्लँटयूएमएल दाखवत नाही. रीडमीमधल्या छोट्या आकृतीला मर्मेड पुरतं. टायमिंग डायग्राम, सामायिक इन्क्लूड फाइली किंवा पट्ट्यांवर बारीक ताबा हवा असेल तर प्लँटयूएमएल घ्या, आणि चित्रं सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या यंत्रणेत) आपोआप तयार होऊ द्या. तिथे जारची आवृत्ती पक्की बांधून ठेवा. नाहीतर नव्या आवृत्तीने मांडणी जराशी हलवली तरी ज्या आकृत्यांना कुणी हात लावला नाही त्याही बदललेल्या दिसतात.